तुकड्यावरून वर्तुळ

शालान्त परीक्षा देऊन कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना मनातून एक समाधान वाटत असते. भूमितीची वही एकदाची मिटली, हे ते समाधान! त्या वहीत वर्तुळावरची प्रमेये विशेष धसक्याची. व्याख्या पाठ करावयाच्या, आकृती काढावयाची, ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ अशी तीन शीर्षके घालावयाची आणि परीक्षा संपली की सारे विसरून जावयाचे. वर्तुळाचा आणि आपल्या अभ्यासविषयांचा पुढे काही संबंध येणार नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत कितपत बरोबर आहे, ते तपासून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी एक साधा प्रश्न समोर ठेवू. एक लाकडी चाक मोडले आहे. त्याचा मधला भाग नाहीसा झाला आहे, आरे जळणात गेले आहेत आणि हाती राहिला आहे तो कडेचा एक बाकदार तुकडा. तेवढ्या तुकड्यावरून मूळ चाक केवढे होते, हे निश्चित सांगता येईल काय? येत असेल तर कसे? वर्तुळाचे भाग, कंस आणि कोन यांविषयी शाळेत जे शिकविले जाते, त्याचा बराचसा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेला आहे.

पलूसच्या परिसराला तर हा प्रश्न मुळीच परका नाही. उसाच्या आणि धान्याच्या गाड्या येथे पिढ्यान् पिढ्या लाकडी चाकांवर चालल्या. ती चाके घडविणारे सुतार आणि त्यांवर लोखंडी धाव चढविणारे लोहार गावोगाव होते. येथून जवळच, त्या वेळच्या औंध संस्थानच्या हद्दीतील माळरानावर, इ. स. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर, चरक आणि पंप तयार करणाऱ्या या गावात वर्तुळ हा पोटापाण्याचा विषय झाला, कारण फिरणारे प्रत्येक यंत्र केंद्र आणि त्रिज्या यांच्याच हिशोबावर चालते. आणखी एक गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लक्ष्मणराव मुंबईस गेले ते चित्रकला शिकण्यासाठी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे रंगकाम सुटले, आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे पट्टी व कंपास यांच्या चित्रकलेकडे वळले. कला आणि भूमिती यांच्यामध्ये आपण घातलेली भिंत त्यांच्या आयुष्यात फार उंच नव्हती, असेच म्हणावे लागेल.

वर्तुळाचे भाग

प्रथम चाकाच्या साहाय्याने शब्द पक्के करू. चाकाच्या मध्यभागी जो जाड लाकडी ठोकळा असतो, त्याला तुंबा म्हणतात. त्यात बसविलेल्या उभ्या दांड्या म्हणजे आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर जे बाकदार लाकडी तुकडे एकमेकांना जोडून कडे तयार होते, ते पुठे. आणि या साऱ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव.

भूमितीच्या भाषेत, प्रतलातील एका ठरावीक बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ होय. तो ठरावीक बिंदू म्हणजे केंद्र. तो तुंब्याच्या मध्यात, आसाच्या जागी असतो. समान अंतर म्हणजे त्रिज्या. तिचे काम आरा करतो. सर्व आरे सारख्या लांबीचे का हवेत, याचे उत्तर व्याख्येतच आहे. एक आरा आखूड पडला तर कड्यावरचा एक बिंदू केंद्राच्या जवळ येईल आणि गाडी प्रत्येक फेऱ्याला एक हिसका खाईल. वर्तुळावरील कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले म्हणजे मिळते ती जीवा. केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास. तो त्रिज्येच्या दुप्पट आणि सर्व जीवांत मोठा. जीवेच्या टोकांमुळे वर्तुळाचे दोन तुकडे पडतात, त्यांस कंस म्हणतात. लहान तो लघुकंस, मोठा तो विशालकंस. जीवा आणि कंस यांनी वेढलेला भाग वर्तुळखंड, तर दोन त्रिज्या आणि कंस यांनी वेढलेला भाग वर्तुळपाकळी. जमिनीला चाक जेथे टेकते तेथे जमिनीची रेषा वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते, ती स्पर्शिका. टेकलेल्या बिंदूपाशी काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. म्हणून सपाट रस्त्यावर आस नेहमी टेकलेल्या जागेच्या बरोबर वर राहतो.

यांतील काही शब्दांचे कुळ मोठे मनोरंजक आहे. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वाकलेला कंस म्हणजे चाप, अर्थात धनुष्यच. जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला आपल्या जुन्या गणितज्ञांनी शर, म्हणजे बाण, असे नाव दिले. ताणलेले धनुष्य डोळ्यांसमोर आणले की तिन्ही गोष्टी एका चित्रात दिसतात. जीवा हा शब्द पुढे अरबांकडे गेला. तेथे त्याचे लेखन जैब या अरबी शब्दासारखे वाचले गेले. जैब म्हणजे वस्त्राची चुणी किंवा पोकळी. त्याचे लॅटिन भाषांतर सायनस असे झाले आणि त्रिकोणमितीतील साइन तयार झाला. ज्या शब्दाला आपण परका म्हणून भितो, तो आपल्याच धनुष्याची दोरी आहे!

सहा पुठे आणि बारा आरे

गाडीच्या चाकाला साधारणतः सहा पुठे आणि बारा आरे असतात. प्रत्येक पुठ्यात दोन आरे. सहाच पुठे सोयीचे का?

केंद्राभोवतीचा पूर्ण कोन ३६० अंशांचा मानतात. ही संख्या सोयीची आहे, कारण तिला चोवीस विभाजक आहेत. दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, बारा असे कितीतरी समान भाग तिचे पाडता येतात. बारा आऱ्यांच्या चाकाचे आणि ३६० खुंट्यांचे वर्षासाठी योजलेले रूपक ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातही आढळते. बारा आऱ्यांमुळे दोन लगतच्या आऱ्यांमध्ये ३० अंशांचा कोन होतो, आणि एका पुठ्याच्या वाट्याला ६० अंश येतात. कंसाची दोन टोके केंद्राशी जोडली असता जो कोन होतो तो केंद्रीय कोन, आणि तेच त्या लघुकंसाचे माप. म्हणून एका पुठ्याचा कंस ६० अंशांचा.

आता पुठ्याच्या दोन टोकांना जोडणारी जीवा आणि टोकांकडे जाणाऱ्या दोन त्रिज्या यांनी होणारा त्रिकोण पाहा. दोन बाजू त्रिज्या म्हणून समान आहेत आणि त्यांच्यामधला कोन ६० अंशांचा आहे. उरलेले दोन कोन परस्परांशी समान आणि मिळून १२० अंश, म्हणजे प्रत्येकी ६० अंश. त्रिकोण समभुज झाला! याचा अर्थ, जीवेची लांबी त्रिज्येइतकीच. म्हणूनच कंपासमध्ये त्रिज्येएवढे अंतर तसेच ठेवून परिघावर खुणा करीत गेले की बरोबर सहाव्या खुणेला आपण निघालेल्या जागी परत येतो. कोनमापक नको, भागाकार नको. वर्तुळाचे सहा समान भाग पाडण्यासाठी वर्तुळाने स्वतःचेच माप दिलेले आहे.

हरवलेले केंद्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुकडा हाती आहे, केंद्र नाही. केंद्र सापडले की त्रिज्या मिळेल आणि सारे चाक मिळेल. हाच प्रश्न इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विचारलेला आहे. वर्तुळाचा खंड दिला असता त्याचे पूर्ण वर्तुळ काढणे हे तेथील पंचविसावे विधान होय.

युक्ती अशी. कंसावर अ आणि ब हे दोन बिंदू घ्या. केंद्र हे दोघांपासून समान अंतरावर असलेच पाहिजे. अ आणि ब यांच्यापासून समान अंतरावर असलेले सर्व बिंदू अब या जीवेच्या लंबदुभाजकावर असतात. म्हणून केंद्र त्या लंबदुभाजकावर कोठेतरी आहे. पण कोठे, हे दोन बिंदू सांगू शकत नाहीत. त्या रेषेवरील कोणत्याही बिंदूस केंद्र मानून अ आणि ब मधून जाणारे वर्तुळ काढता येईल. मग कंसावर क हा तिसरा बिंदू घ्या आणि बक या जीवेचाही लंबदुभाजक काढा. केंद्र याही रेषेवर हवे. दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, तोच केंद्रबिंदू.

यातून एक महत्त्वाचे सत्य निघते. एका बिंदूतून असंख्य वर्तुळे जातात, दोन बिंदूंतूनही असंख्य जातात. परंतु एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते. म्हणून तुकडा कितीही लहान असला तरी त्याच्या बाकात पूर्ण वर्तुळाची हकिकत लिहिलेली असते. सरळ रेषेच्या तुकड्यावरून रेषा कोठे संपत होती हे कळत नाही. वर्तुळाच्या तुकड्यावरून मात्र सारे कळते.

परिघावरचा कोन

केंद्र शोधण्याचा आणखी एक मार्ग कोनांवरून जातो. येथे शाळेतील सर्वांत महत्त्वाचे प्रमेय उपयोगी पडते: परिघावरील कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो.

सिद्धता फार सोपी आहे. म केंद्र असलेले वर्तुळ काढा. त्यावर अ आणि ब हे बिंदू घ्या. समोरच्या बाजूस क हा बिंदू घ्या. क पासून म मधून रेषा पुढे नेऊन ती वर्तुळास ड मध्ये मिळू द्या. त्रिकोण मअक मध्ये मअ आणि मक या त्रिज्या असल्यामुळे पायाचे दोन कोन समान आहेत. कोन अमड हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. तो दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका, म्हणजे कोन अकड च्या दुप्पट. त्याचप्रमाणे दुसऱ्या बाजूस कोन बमड हा कोन बकड च्या दुप्पट. बेरीज केली की कोन अमब हा कोन अकब च्या दुप्पट ठरतो. केंद्र कोनाच्या बाहेर पडले तर बेरजेऐवजी वजाबाकी करावयाची, एवढाच फरक.

या एका प्रमेयापासून तीन गोष्टी आपोआप निघतात.

पहिली: अब हा व्यास असेल तर केंद्राशी होणारा कोन १८० अंशांचा, म्हणून परिघावरचा कोन ९० अंशांचा. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, असे आपण पाठ केलेले आहे. त्याचा व्यवहारातील उपयोग असा. गोल फळीचे केंद्र हवे असेल तर सुताराचा गुण्या घ्यावा. त्याचा कोपरा फळीच्या कडेवर टेकवावा. गुण्याचे दोन हात कडेला जेथे छेदतील, ते बिंदू रेषेने जोडावेत. ती रेषा व्यासच असणार. कोपरा दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा तसेच करावे. दोन व्यास जेथे छेदतात ते केंद्र. मात्र यासाठी निम्म्याहून अधिक फळी शाबूत हवी. पुठ्याएवढ्या तुकड्यावर गुण्याचे हात अधांतरी राहतील आणि पुन्हा लंबदुभाजकाकडेच यावे लागेल.

दुसरी: एकाच कंसात अंतर्लिखित केलेले सर्व कोन समान असतात, कारण प्रत्येक कोन एकाच केंद्रीय कोनाच्या निम्मा. याचा उलट उपयोगही होतो. दारावर उथळ कमान काढावयाची आहे आणि तिचे केंद्र खाली जमिनीत कोठेतरी जाते, तेथे कंपास टेकविता येत नाही. अशा वेळी कमानीच्या दोन टोकांशी दोन खिळे ठोकावेत. दोन पट्ट्या ठरावीक विशालकोनात एकमेकींना पक्क्या जोडाव्यात आणि प्रत्येक पट्टी आपापल्या खिळ्याला टेकलेली ठेवून सरकवाव्यात. सांध्यापाशी धरलेली पेन्सिल कमानीचा कंस काढीत जाते. केंद्र न शिवता वर्तुळ काढता आले, ते केवळ कोन बदलला नाही म्हणून.

तिसरी: चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतील अशा चौकोनास चक्रीय चौकोन म्हणतात. त्याचे संमुख कोन दोन कंसांच्या निम्मे असतात, आणि ते दोन कंस मिळून पूर्ण वर्तुळ होते. म्हणून संमुख कोनांची बेरीज ३६० च्या निम्मी, म्हणजे १८० अंश. चार खुंट्या एकाच वर्तुळावर आहेत की नाहीत, हे केंद्र न शोधता या कसोटीने कळते.

भास्कराचार्यांचा शर

आतापर्यंतचे मार्ग आकृती काढण्याचे होते. केवळ मापे घेऊन, रेघ न ओढता, व्यास सांगता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ मध्ये आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, ‘लीलावती’ इ. स. ११५० मधील. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तेव्हा हा गणिती वारसा महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे.

‘लीलावती’ मधील उदाहरणात व्यास १०, जीवा ६ आणि शर १ अशा संख्या आहेत. व्यास आणि जीवा यांवरून शर काढा. व्यास आणि शर यांवरून जीवा काढा. आणि जीवा व शर यांवरून व्यास काढा, असे तीन प्रश्न त्यात येतात. यांतील तिसरा प्रश्न म्हणजे आपल्या मोडक्या चाकाचाच प्रश्न! त्याची रीत अशी: जीवेच्या निम्म्याचा वर्ग करावा, त्याला शराने भागावे आणि भागाकारात शर मिळवावा, तो व्यास. निम्मी जीवा ३, वर्ग ९, शर १ ने भागून ९, त्यात १ मिळवून १०.

ही रीत का बरोबर, हे वरील प्रमेयावरूनच कळते. अब ही जीवा आणि तिला प या मध्यबिंदूत काटकोनात छेदणारा चछ हा व्यास काढा. पच हा शर आहे. चअछ हा कोन अर्धवर्तुळातील, म्हणून काटकोन. काटकोन शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब अप हा त्रिकोणाचे दोन समरूप त्रिकोण करतो. त्यावरून अप चा वर्ग हा पच आणि पछ यांच्या गुणाकाराइतका ठरतो. म्हणून निम्म्या जीवेच्या वर्गाला शराने भागले की पछ मिळतो, आणि त्यात शर मिळविला की पूर्ण व्यास.

आता आपला तुकडा घेऊ. त्याच्या बाहेरच्या कडेवर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणली, ती भरली ७२ सें. मी.; दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर भरले १२ सें. मी. निम्मी जीवा ३६, तिचा वर्ग १२९६, त्यास १२ ने भागून १०८, त्यात १२ मिळवून १२०. चाक १२० सें. मी. व्यासाचे होते. तुंबा नाही, आरे नाहीत. तरी चाक उभे राहिले.

परीघ आणि धाव

व्यास मिळाला; आता या चाकाला धाव किती लांबीची लागेल? येथे परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा, म्हणजे पाय या संख्येचा, प्रश्न येतो. आपल्या सहा पुठ्यांवरून एवढे लगेच कळते की सहा जीवांची एकूण लांबी त्रिज्येच्या सहापट, म्हणजे व्यासाच्या तिप्पट. कंस जीवेपेक्षा लांब असतो, म्हणून परीघ तिपटीपेक्षा अधिक. किती अधिक? इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने २०००० व्यासाला ६२८३२ परीघ दिला. भास्कराचार्यांनी सूक्ष्म मान ३९२७ छेद १२५० असे दिले, आणि २२ छेद ७ हे स्थूल पण व्यवहाराला योग्य म्हणून सांगितले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ. स. १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. सूक्ष्म मान कसे मिळते, ते त्यांनी तीत दाखविले आहे. वर्तुळात षट्कोन काढावयाचा आणि त्याच्या बाजू दुप्पट दुप्पट करीत १२, २४, ४८, ९६, १९२ आणि शेवटी ३८४ पर्यंत जावयाचे. बाजू वाढतात तसतशी बहुभुजाची परिमिती परिघाला चिकटत जाते. म्हणजे सुताराचे सहा पुठे ही या गणनेची पहिली पायरी आहे.

आपल्या चाकाचा परीघ नुसत्या तिपटीने ३६० सें. मी. येतो, तेवढी धाव कापली तर ती १७ सें. मी. आखूड पडेल. २२ छेद ७ ने तो ३७७.१४ सें. मी. येतो आणि सूक्ष्म मानाने ३७६.९९ सें. मी. या दोहोंत फरक अवघा दीड मिलिमीटरचा. भास्कराचार्यांनी ‘व्यवहाराला योग्य’ असे का म्हटले, ते येथे कळते.

लोहार धाव चाकाहून किंचित आखूडच ठेवतो. ती शेणकुटाच्या आगीत लाल करून, फुगल्यावर चाकावर बसवितो आणि लगेच पाणी ओतून थंड करतो. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे दशलक्षांश बारा भागांनी वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढले तर ३७७ सें. मी. ची धाव सुमारे सव्वादोन सें. मी. वाढेल. परीघ इतका वाढला की त्रिज्या वाढते ती त्याच्या सुमारे सव्वासहाव्या हिश्शाने, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या फटीत सारे कौशल्य! थंड होताना धाव आवळते आणि सहा पुठे व बारा आरे खिळ्यांवाचून एकजीव होतात.

खापर, खांब आणि इतिहास

आता कला शाखेच्या विद्यार्थ्याने विचारावे, की चाकाचे हे गणित सुतार-लोहारांचे, आमचे काय? याचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरातत्त्वात मिळेल. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे इ. स. १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम खोदकाम केले. अशा ठिकाणी अखंड भांडी थोडी आणि खापरे ढिगाने मिळतात. कुंभाराच्या चाकावर घडलेल्या भांड्याचे तोंड वर्तुळाकार असते. म्हणून काठाचे एक खापर हाती आले की जीवा आणि शर मोजून मूळ भांड्याचे तोंड सांगता येते. जीवा १२ सें. मी., शर २ सें. मी. असेल तर ३६ ला २ ने भागून १८, अधिक २. तोंड २० सें. मी. रुंद. ते भांडे पाण्याचे होते, धान्याचे होते की ताटलीसारखे होते, या विचाराची सुरुवात या आकड्यापासून होते.

मात्र येथे सावधगिरी हवी. तुकडा फार लहान असेल तर शरही लहान येतो आणि मोजण्यातील अल्पशी चूक मोठी होते. जीवा ६ सें. मी. आणि शर अर्धा सें. मी. असेल तर व्यास साडेअठरा सें. मी. येतो. शर मोजताना एकच मिलिमीटर जास्त धरला तर तोच व्यास १५.६ सें. मी. होतो. म्हणजे घागरीची कळशी व्हावयाची! कोणताही तुकडा तत्त्वतः पूर्ण वर्तुळ सांगतो. व्यवहारात मात्र मोठा तुकडा अधिक खरे बोलतो. इतिहासाच्या इतर साधनांनाही हा नियम लागू पडत नाही काय?

इनामगावच्या अखेरच्या, म्हणजे उत्तर जोर्वे काळातील थरांत गोल झोपड्यांचे अवशेष सापडले. अशा झोपडीच्या भिंती केव्हाच गेलेल्या असतात. पण कडेच्या खांबांचे तीन खड्डे जरी स्पष्ट मिळाले, तरी त्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते. शाळेत कंटाळत सोडविलेले ‘तीन बिंदूंतून वर्तुळ काढा’ हे उदाहरण तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराची रुंदी सांगते.

तात्पर्य एवढेच, की वर्तुळाची प्रमेये ही सुटी सुटी पाठांतरे नव्हेत. जीवेचा लंबदुभाजक, अर्धवर्तुळातील काटकोन, जीवा आणि शर यांचे नाते, ही सारी एकाच कामासाठी आहेत: जे दिसत नाही ते केंद्र, जे दिसते त्या तुकड्यावरून शोधणे. केंद्र सापडले की उरलेले वर्तुळ आपोआप येते.

आज आपल्या भागात ऊस ट्रॅक्टरने किंवा रबरी टायरच्या गाडीने कारखान्यावर जातो. लाकडी चाक घडविणारे हात थोडे राहिले आहेत. जुनी चाके कोठे परसात टेकून, कोठे कुंपणाला लागून आहेत. कित्येकांचे नुसते पुठे उरले आहेत. त्यांच्या जोडीला मोडलेली जाती आणि बुजत चाललेल्या गोल विहिरींचे काठही आहेत. पुठा, आरा, तुंबा, धाव हे शब्द त्यांच्याबरोबरच जाण्याच्या वाटेवर आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने एक दोरी आणि एक मोजपट्टी घेऊन अशा एका तुकड्याची जीवा व शर मोजावा, व्यास काढावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या प्रत्येक भागाचे गावातले नाव मापाशेजारी लिहून ठेवावे. माप घेणे हे भूमितीचे काम आणि शब्द टिपणे हे भाषेच्या अभ्यासकाचे. दोन्ही एकाच वहीत बसतात, आणि शाळेतल्या त्या मिटलेल्या वहीत अजून पुष्कळ कोरी पाने शिल्लक असतील.